परदेशात जाऊन किडनी बसवून घ्यावी का? चोपड्याच्या एका कुटुंबाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातले एक शेतकरी विचारतात : "धाकटा भाऊ ३८ वर्षांचा. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. रक्तगट ओ. आईला साखर आहे, वडील नाहीत, भावजयीचा रक्तगट बी, तो जुळत नाही. डायलिसिसच्या ठिकाणी एक जण भेटला. म्हणतो, परदेशात ३२ लाखांत सगळं होतं, किडनी देणारा माणूस तेच बघतात, तीन आठवड्यांत घरी परत. केळीचं दोन एकर रान विकायची तयारी ठेवली आहे. जावं का?"

दादा, सरळ उत्तर आधी देतो. जाऊ नका, आणि रानाचा सौदाही करू नका. तुमच्यासमोरचे इथले रस्ते अजून संपलेले नाहीत, काही तर तुम्ही उघडूनही पाहिलेले नाहीत. या भागात किडनीच्या रुग्णांमध्येच माझी सगळी नोकरी आणि प्रॅक्टिस गेली. "तठे पैसा दिधा का काम व्हई जास" (तिथे पैसा दिला की काम होऊन जातं) हे वाक्य मी दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकतो. बोलणारा माणूस वाईट नसतो, घाबरलेला आणि थकलेला असतो. म्हणून रागावण्यापेक्षा नीट सांगतो.

त्या माणसाने जी माहिती दिली तिच्यातच खरी गोष्ट दिसते. त्याने तुम्हाला तारखा दिल्या असतील : अमुक दिवशी विमान, दोन दिवस तपासण्या, मग ऑपरेशन. आता मेंदूमृत माणसाची किडनी कशी मिळते ते बघा. कुणाचा अपघात होतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो, व्हेंटिलेटरवर असताना डॉक्टर मेंदूमृत्यू झाल्याचं ठरवतात, घरचे होकार देतात, आणि पुढच्या काही तासांत यादीतल्या माणसाला फोन जातो. आपल्याकडे तर चार डॉक्टरांना सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून सही करावी लागते. यात कुणी महिनाभर आधी तारीख देऊ शकतं का? शिवाय असा अवयव प्रत्येक देश आधी आपल्याच माणसांना देतो. आपणही तेच करतो, परदेशी रुग्णाचा नंबर सगळ्यात शेवटी. मग चोपड्याच्या माणसाला अनोळखी देशात तीन आठवड्यांत किडनी मिळते याचा अर्थ एवढाच की देणारा जिवंत आहे, त्याला पैसे कबूल केलेले आहेत आणि तो कुठल्या तरी खोलीत तुमच्या भावाच्या विमानाची वाट बघतोय.

देशाचं नाव मी मुद्दाम विचारत नाही, कारण ते बदलत राहतं. एके काळी पाकिस्तान होतं. तिथे २००७ मध्ये अध्यादेश आला आणि २०१० मध्ये कायदा. फिलिपिन्सने २००८ मध्ये आपल्या नागरिकांच्या किडन्या परदेशी रुग्णांना देणं बंद केलं. चीनमध्ये फाशी दिलेल्या कैद्यांचे अवयव वापरले जात. २०१५ पासून ते थांबवल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. श्रीलंकेत २०१६ च्या सुरुवातीला परदेशी लोकांच्या किडनी प्रत्यारोपणावर तात्पुरती बंदी आली, ती भारतातून चालणाऱ्या टोळ्यांमुळेच. त्याच्या जरा आधी, २०१५ च्या शेवटी, आपल्या शेजारी अकोल्यात प्रकरण उघडकीला आलं. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या गरिबांना किडनी विकायला लावत होते, आणि त्यातल्या काहींना त्यासाठी श्रीलंकेत नेलं होतं. २०२४ मध्ये कोची विमानतळावर अशाच कामातला एक जण पकडला गेला, तेव्हा नाव इराणचं होतं. एका ठिकाणी कायदा घट्ट झाला की धंदा दुसरीकडे सरकतो. इराणबद्दल लोक हटकून सांगतात की तिथे पैसे देऊन किडनी घेणं कायदेशीर आहे. अर्धं खरं आहे. १९८८ पासून तिथे सरकारच्या देखरेखीखाली मोबदला देण्याची पद्धत आहे, पण ती त्यांच्या नागरिकांपुरती. देणारा आणि घेणारा एकाच देशाचे लागतात. तुमच्या भावाला त्यात जागा नाही.

एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. हा बाजार एकेकाळी आपल्याच दारात होता. १९८० च्या दशकात आखाती देशांतले रुग्ण मुंबईत येऊन किडनी विकत घ्यायचे. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानच्या डॉक्टरांनी परत आलेल्या अशा सुमारे १३० रुग्णांचा हिशोब १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. पहिल्या वर्षातच बरेच जण दगावले होते, बहुतेक मृत्यू पहिल्या तीन महिन्यांतले, आणि काहींना एचआयव्हीची लागण झाली होती. आपला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला तो अशा पार्श्वभूमीवर.

विकणाऱ्याचं काय होतं तेही सांगतो, कारण एजंट म्हणतो "त्यालाही पैसे मिळतात, त्याचंही भलं होतं." २००२ मध्ये चेन्नईतल्या किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. काही वर्षांनी पाहिलं तर चौघांतले तिघे अजून कर्जातच होते, घरचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं होतं, आणि ७९ टक्के म्हणाले की दुसऱ्या कुणाला हे करायला सांगणार नाही. कर्ज, सावकार आणि गेलेलं पीक म्हणजे काय हे खान्देशात मी कुणाला शिकवायला नको. त्या खोलीतला माणूस तुमच्यासारखाच कुणाचा तरी भाऊ आहे.

आता कायदा. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड आहे. हे फक्त विकणाऱ्याला आणि एजंटला आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पैसे देणारा, देऊ करणारा, माणूस शोधणारा, सौदा ठरवणारा, सगळे त्यात येतात. सौदा इथे, बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, ठरला असेल तर ऑपरेशन समुद्रापलीकडे झालं म्हणून इथला गुन्हा पुसला जात नाही. आणि कागद? तिकडच्या अनेक देशांतही आता दाता नात्यातला लागतो. म्हणून खोटं लग्न, खोटा चुलतभाऊ, बदललेलं आधार कार्ड, असं सगळं तयार होतं, आणि त्या खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही रुग्णाची असते. एजंटची सही कुठेच नसते.

कायद्याला घाबरत नाही असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी वैद्यकीय बाजू सांगतो, आणि खरं तर मला जास्त काळजी तिचीच आहे.

किडनी बसवणं म्हणजे बोअरमध्ये मोटर टाकणं नाही, की टाकली, पाणी आलं, विषय संपला. ऑपरेशन तीन-चार तासांचं असतं, पुढचं काम आयुष्यभराचं. बाहेरून करून आलेल्या एका रुग्णाची फाईल मी पाहिली ती अशी होती : प्लास्टिकच्या पाकिटात एक पान. त्यावर रुग्णाचं नाव, ऑपरेशनची तारीख, चार गोळ्यांची नावं आणि "दाता – नातेवाईक" एवढा एक शब्द. दात्याचं वय नाही, रक्तगट नाही, त्याच्या कावीळ-एचआयव्हीच्या तपासण्या नाहीत. सीएमव्ही नावाचा विषाणू दात्यात होता का, ते नाही. सुरुवातीला प्रतिकारशक्ती दाबायचं कोणतं इंजेक्शन दिलं, किती दिलं, ते नाही. क्रॉसमॅचचा, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत का या तपासणीचा, रिपोर्ट नाही. खाली फोन नंबर होता, तो लागत नव्हता.

त्याला वारंवार थंडी वाजून ताप येत होता. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, बरं वाटलं, परत ताप. सोनोग्राफी केली तर नव्या किडनीच्या मूत्रनलिकेत डीजे स्टेंट तसाच. ही एक पातळ नळी असते, ऑपरेशनच्या वेळी जोड सुरक्षित राहावा म्हणून ठेवतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने काढून टाकतात. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आत नळी आहे. चार महिन्यांत तिच्यावर खड्यासारखा थर चढला होता. नळी निघाली, ताप गेला, पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, पहिल्या जागी आलं नाही. पैसे त्याने तुमच्या भावाला सांगितलेत जवळपास तेवढेच मोजले होते.

औषधांचंही असंच. प्रत्यारोपणानंतर साधारण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन असतं. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी मोजून डोस ठरतो. कमी पडली तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झाली तर औषधच किडनीला मारतं. पुष्कळ ठिकाणी ही पातळी कमी डोसमध्ये टिकावी म्हणून सोबत डिल्टियाझेम देतात. आता गावाकडे कुणी म्हणालं, "बीपी नॉर्मल आहे, ही बीपीची गोळी बंद करा," की पातळी कोसळते. टीबी झाला, आणि आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या काही रुग्णांना तो होतोच, तर रिफाम्पिसिन सुरू केल्यावरही तेच होतं. ज्याने किडनी बसवली त्याला ही गणितं माहीत असतात आणि फाईलमध्ये लिहिलेली असतात. फाईलच नसेल तर आम्ही अंधारात चाचपडतो. उपचार नाकारत नाही, नाकारणारही नाही. कुणी कुठून करून आला तरी तो रुग्ण आहे. पण नसलेली माहिती मी निर्माण करू शकत नाही. त्यात जंतुसंसर्ग येतात, काही असे की साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, कधी बुरशी, कधी बी किंवा सी कावीळ. नात्यातल्या दात्याच्या तपासण्या करायला इथे महिना-दीड महिना लागतो तो उगाच नाही.

आता घराकडे येऊ. तुमच्या प्रश्नात आईची साखर आहे, भावजयीचा रक्तगट आहे, भावाचा आहे. तुमचा स्वतःचा कुठेच नाही.

हे दोष द्यायला लिहीत नाही. किडनी देणं ही कुणावर सक्ती नाही, आणि "नाही" म्हणणारा भाऊ कमी प्रेमाचा ठरत नाही. दात्याला एकट्याला बसवून, घरच्यांना बाहेर पाठवून विचारायचं असतं, आणि तो नको म्हणाला तर आम्ही घरच्यांना "वैद्यकीय कारणामुळे जमत नाही" एवढंच सांगतो. पण विचार न करताच नाही, आणि विचार करून नाही, यात फरक आहे. माझ्या पाहण्यात आपल्याकडे किडनी देणारी बहुतेक वेळा आई असते नाहीतर बायको. पुरुषांचा रक्तगट तपासायची वेळ आली की अचानक हंगाम सुरू होतो. दोन एकर रान विकायला जो तयार होतो त्याने आधी शंभर-दोनशे रुपयांची रक्तगटाची तपासणी करावी, एवढंच म्हणणं आहे.

तुमचा गट ओ निघाला तर दार उघडं आहे. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नाही. ओ पॉझिटिव्ह आणि ओ निगेटिव्ह चालतं. कित्येक घरांनी एवढ्यावरून दाता बाद केलेला मी पाहिला आहे. सख्ख्या भावंडांत ऊतींचा पूर्ण जुळणारा संच मिळण्याची शक्यता चारात एक, अर्धा जुळण्याची चारात दोन. आणि अजिबात न जुळणारी किडनीही आजच्या औषधांवर चालते. अडथळा असतो तो क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला तर. तुमच्या तपासण्या म्हणजे रक्तदाब, साखर, लघवीतलं प्रथिन, दोन्ही किडन्यांचं वेगवेगळं काम मोजणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी. सातपुड्याच्या बाजूच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणीही आवर्जून करावी लागते. त्या आधी एक गोष्ट : भावाची किडनी कशाने गेली ते तुमच्याकडे लिहिलेलं आहे का? ३८ व्या वर्षी किडनी जाते तेव्हा कारण शोधायलाच हवं. पॉलिसिस्टिक किडनीसारखा आनुवंशिक आजार असेल तर तो तुमच्यातही असू शकतो, आणि तसं असेल तर तुम्ही दाता होऊ शकत नाही. काही आजार असेही असतात की नव्या किडनीत परत येतात.

देणाऱ्याला धोका किती? शून्य नाही. ऑपरेशनमुळे जीव जाण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे तीन आहे. दुर्बिणीतून काढतात, तीन-चार दिवसांत घरी सोडतात, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. म्हणजे घड कापणीच्या दिवसांत ऑपरेशन ठरवू नका. उरलेली किडनी हळूहळू काम वाढवते. नंतर दरवर्षी रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन बघायचं, आणि पाठ-कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत. ही सवय आपल्या शेतकऱ्यांत फार आहे, आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीरात, या गोळ्या चांगल्या किडन्याही खराब करतात.

तुमचा गट ओ नसेल तरी संपलं नाही. भावजयीचा बी आहे आणि ती द्यायला तयार आहे, तर दोन वाटा आहेत. एक, अदलाबदल. दुसरं एखादं कुटुंब, जिथे रुग्णाचा गट बी आणि दाता ओ, पण क्रॉसमॅचसारख्या कारणाने त्यांचं आपसात जमत नाही, त्यांची आणि तुमची किडनी बदलायची. कायद्याने २०११ पासून परवानगी आहे, प्राधिकार समितीची, म्हणजे अवयवदानाची कागदपत्रं तपासणाऱ्या अधिकृत समितीची, मंजुरी लागते, पैशाचा व्यवहार नसतो. ओ गटाच्या रुग्णाला जोडी मिळायला वेळ लागतो हे खरं, पण नाव नोंदवल्याशिवाय ती मुळीच मिळणार नाही. मुंबईत अशा जोड्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, आणि अहमदाबादच्या किडनी संस्थेत अशा अदलाबदली पुष्कळ झाल्या आहेत. खान्देशातले लोक तसेही ताप्ती लाइनने सुरतमार्गे गुजरात गाठतातच. फक्त दुसऱ्या राज्यात जाताना रहिवासाचे आणि नात्याचे कागद जास्त लागतात, ते आधी तयार ठेवा. दुसरी वाट म्हणजे गट जुळत नसतानाही प्रत्यारोपण. आधी औषध देऊन आणि रक्तातली विरोधी प्रतिद्रव्यं गाळून काढून ते करतात. खर्च काही लाखांनी वाढतो, जंतुसंसर्गाचा धोकाही थोडा वाढतो, पण चांगल्या केंद्रात निकाल समाधानकारक असतात. आणि एजंटच्या ३२ लाखांपेक्षा ते तरीही बरंच स्वस्त पडतं.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना एक गोष्ट खटकते. कायद्याच्या भाषेत जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, सख्खे भाऊ-बहीण, आणि २०११ पासून आजी-आजोबा आणि नातवंडं. चुलतभाऊ, मामा, मेहुणा यात बसत नाहीत, एका चुलीवर जेवत असले तरी. ते देऊ शकतात, पण त्यासाठी प्राधिकार समितीपुढे जावं लागतं आणि पैशाची देवाणघेवाण नाही हे तिची खात्री पटेपर्यंत दाखवावं लागतं. समितीचे प्रश्न बोचरे असतात. राग मानू नका. खोटा मेहुणा उभा करणाऱ्यांमुळे खऱ्या मेहुण्याला हा त्रास आहे.

मेंदूमृत दात्याच्या यादीत भावाचं नाव आहे का? प्रश्नात उल्लेख नाही, म्हणून नसावं असं धरतो. दीड वर्ष वाया गेलं, अजून घालवू नका. नाव प्रत्यारोपण केंद्र असलेल्या रुग्णालयातून नोंदवतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं वाटप बघतात. २०२३ मध्ये केंद्राने राज्याच्या रहिवासाची अट काढून टाकली आणि नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असंही सांगितलं. ओ गटाची रांग लांब आहे, उगाच आशा लावत नाही. २०२३ मध्ये देशात सगळ्या अवयवांची मिळून १८ हजारांवर प्रत्यारोपणं झाली, पण मेंदूमृत दाते होते हजाराच्या थोडे वर. बाकी सगळे दाते जिवंत माणसं. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. डोक्याला मार लागलेले तरुण आमच्या अतिदक्षता विभागांत येत असतात, आणि अवयवदानाचा विषय काढायलाच कुणी धजत नाही. तुमची रांग लांब का आहे, त्याचं एक कारण हेही आहे. पण रांगेत उभं राहायला काही लागत नाही, आणि तोवर दुसरे प्रयत्न थांबत नाहीत.

पैशाचं सांगतो. खाजगी रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणाचा खर्च साधारण सहा ते दहा लाखांच्या आसपास जातो, सरकारी आणि धर्मादाय ठिकाणी बराच कमी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा करता येतो. खरा हिशोब नंतरच्या औषधांचा आहे. पहिल्या वर्षी महिन्याला पंधरा-वीस हजार धरून चला, पुढे तो खाली येतो. रान विकून ऑपरेशन केलं आणि औषधाला पैसा उरला नाही तर किडनी जाते. मी तर म्हणेन, रान राखा, त्यातूनच गोळ्या येणार आहेत.

मग परदेशी जाणं कधीच योग्य नसतं का? असतं. बहीण अमेरिकेत स्थायिक आहे, ती द्यायला तयार आहे आणि तिला इथे येणं जमत नाही, किंवा रुग्णच तिकडे नोकरीला आहे, अशा वेळी उघडपणे, कागदोपत्री, स्वतःच्या दात्यासह जाण्यात गैर काही नाही. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने हाच फरक केला आहे : प्रत्यारोपणासाठी प्रवास वेगळा, आणि अवयवाच्या खरेदीसाठी किंवा दुसऱ्या देशातल्या रुग्णांच्या वाट्याचं हिसकावण्यासाठी केलेला प्रवास वेगळा. पण तुमच्या बाबतीत बाहेर जाऊन वैद्यकीय फायदा काहीच नाही. उलट स्वतःचा दाता सोबत घेऊन बाहेरचे लोक आपल्याकडे येतात, कारण इथे अनुभव दांडगा आणि खर्च कमी. यकृतासाठीही असेच एजंट फिरतात. तिथेही उत्तर हेच.

दाता मिळेपर्यंत भावाची तब्येत राखणं हे तुमच्या हातातलं काम आहे. दोनदाचं डायलिसिस तीनदा करता येतं का ते बघा. अंतर, भाडं, रोजंदारी सगळं कळतं मला, पण सरकारी केंद्रांत सोय वाढली आहे आणि पूर्वीसारखं नाशिकपर्यंत जावं लागत नाही. हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) केलेला नसेल, मानेतल्या नळीवरच चाललं असेल, तर या महिन्यात फिस्टुला करून घ्या. हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट डोसने पूर्ण करा. रक्त कमी आहे म्हणून उठसूट बाटली चढवू नका, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह आधी. प्रत्येक बाटलीगणिक परक्या ऊतींविरुद्ध प्रतिद्रव्यं वाढतात आणि मग जुळणारा दाताही क्रॉसमॅचमध्ये बाद होतो. हे डायलिसिसवर कुणी सांगत नाही, म्हणून ठळक सांगतो. आणि घरात केळीची वखार असली तरी भावाने केळं खायचं नाही. पोटॅशियम वाढून हृदय थांबतं, दोन डायलिसिसमधल्या लांब खाड्याला सगळ्यात जास्त. भरीतही जपून, त्यातला टोमॅटो काढून, वाटीभरच.

शेवटचं त्या माणसाबद्दल. त्याला टोकन दिलं असेल तर आणखी एक रुपया देऊ नका, मूळ पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर परत मागून घ्या. भावाचे रिपोर्ट आणि आधारच्या प्रती दिल्या असतील तर त्यांवरून दुसऱ्या कुणाचे कागद बनू शकतात, हे लक्षात असू द्या. व्हॉट्सॲपवरचे मेसेज, खात्यावर पाठवलेल्या पैशांच्या नोंदी काहीही पुसू नका. पैसे देणं हेही कायद्यात येतं, म्हणून पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाला विचारा, पण जा. डायलिसिस सेंटरच्या प्रमुखांना मात्र आजच सांगा, कारण तो माणूस तुमच्या भावाजवळ आला तसा शेजारच्या खाटेवरच्या माणसाजवळही गेलेला असणार.